दुसरी खूण

आमच्या सोनोग्राफीच्या खोलीत गारठा असायचा, आणि तो मी मुद्दाम ठेवायचो. एसीचा रिमोट माझ्या कोटाच्या खिशात असे. टेबलावर राहिला की सिस्टर हळूच दोन अंश वाढवणार आणि मी तीन कमी करणार, असा आमचा संसार बारा वर्षं चालला होता. सिस्टर बारा महिने स्वेटरमध्ये. माझ्या पाठीमागे अख्खा दवाखाना मला 'बर्फवाले' म्हणतो हे मला ठाऊक होतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. मशीन तापलं की बिघडतं, बिघडलं की दुरुस्तीवाला चार-चार दिवस तोंड दाखवत नाही. माणसाला गार वाटलं तर तो अंगावर काहीतरी घेऊ शकतो, मशीनला स्वेटर घालता येत नाही, हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

दुसरी एक खोड सांगून टाकतो, कारण पुढे ती लागणार आहे. राग आला की मी कोटाचं वरचं बटण धरून ओढतो. राग मला रोज येतो, त्यामुळे त्या बटणाचं काज फाटून फाटून त्यातून आता अंगठा जाईल एवढं भोक झालं होतं.

बावीस वर्षं मी पोटं बघत आलो. पोट बघायचं म्हणजे दाबावं लागतं. वरची चरबी, मधला वायू, सगळं बाजूला सारून आतलं यकृत गाठायचं तर हात जड हवा, आणि माझा हात जड म्हणून नावाजलेला. मग आमच्याकडे संधिवाताच्या मॅडम नव्यानं आल्या. त्यांनी व्यवस्थापनाच्या मागे लागून सोनोग्राफीत अंगावर टेकवायचा एक चिमुकला प्रोब मागवला. हॉकीच्या काठीसारखा वाकडा आणि करंगळीएवढा. म्हणाल्या, "माझ्या पेशंटच्या बोटांवर जखमा असतात. वरून खपली दिसते, पण खाली किती खोल आहे, हाडापर्यंत गेलीय का, रक्त पोचतंय का, ते तुम्ही बघून सांगायचं."

"बोटावरची जखम डोळ्यांना दिसते की," मी म्हणालो.

"विहीर पण दिसते काठावरून. खोली कळते का?"

मी बटण ओढलं. पण काम अंगावर घेतलं.

त्या प्रोबखाली आलेली तिसरी का चौथी पेशंट म्हणजे काजवाल्या बाई. त्यांचं आणि त्यांच्या नणंदेचं कोट शिवायचं दुकान होतं. नणंद मशीनवर, आणि भावजय हातकामावर. काजं हातानं करून देणारं दुकान म्हणून त्यांचं नाव होतं. मॅडमनी चिठ्ठीवर आजाराचं लांबलचक नाव लिहिलं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर शरीराची राखणदारी करणारी फौज घरच्याच माणसांवर उलटते. कातडी घट्ट होत जाते, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि टोकांना जखमा होतात त्या भरता भरत नाहीत. बाईंच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढी काळी खपली होती. तीन महिने झाले होते. अंगुस्तान घालतात ते बोट. सुई मागून रेटायची ती त्या टोपीनं, आणि टोपी बसायला बोटाला टोक लागतं.

पहिल्या दिवशी दोघीही आल्या होत्या. बाई बोलायला कमी. ती उणीव नणंद भरून काढत होती.

"डॉक्टर, इथं काय मटण ठेवता का?" आत पाऊल टाकताच तिनं विचारलं.

"मशीन ठेवतो," मी म्हणालो. "हातमोजे काढा. लवकर, बाहेर बारा जण बसलेत."

बाईंनी लोकरीचे हातमोजे काढले, निमूटपणे हात उशीवर ठेवला. मी जखमेवर पातळ निर्जंतुक फिल्म लावली, बाटलीतली जेल टाकली, प्रोब टेकवला आणि सवयीनं दाबला. बाईंनी ओठ आवळले, पण हूं की चूं केलं नाही. हाड शाबूत दिसलं. मग रक्त बघायचं बटण दाबलं. रक्त वाहत असेल तिथे पडद्यावर लाल-निळे ठिपके लुकलुकतात. इथे काहीच नाही. मी प्रोब आणखी रोवला. पडदा काळा तो काळाच. 'बोटाच्या टोकाला रक्तप्रवाह आढळला नाही,' असं लिहून मी सही ठोकली.

उठता उठता बाई माझ्या छातीकडे बघून म्हणाल्या, "डॉक्टर, वरचं काज पार गेलंय तुमचं. रागीट माणसाचंच असं जातं." आणि हातमोजे चढवून निघून गेल्या.

माझा रिपोर्ट सर्जनकडे गेला. सर्जन माझा कॉलेजपासूनचा मित्र. त्यानं पुढच्या शुक्रवारची तारीख दिली. जिथे रक्तच नाही तो भाग भरणार कसा, उगाच वर सडत जाण्यापेक्षा पहिलं पेर काढून टाकू, असा साधा हिशेब. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी डबा खायला निघालो तर मागच्या व्हरांड्यातल्या बाकावर ह्या दोघी. ऊन थेट बाकावर पडलं होतं. नणंद गुडघ्यावर कापडाचा तुकडा धरून सुई चालवत होती आणि बाई तिला शिकवत होत्या.

"वन्सं, टाके जवळजवळ घ्या. हे काज आहे, कुंपण नाही."

"वहिनी, माझं आयुष्य मशीनवर गेलं. मला उभी रेघ सांगा, मैलभर मारून देते. हे काय उवा वेचल्यासारखं."

"उद्यापासून तुम्हालाच करायचंय."

नणंदेनं सुई परत कापडात खुपसली. मला ते ऐकून कसंतरी झालं, म्हणून मी पाय उचलला, पण बाईंनी मला पाहिलं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, तुमच्याकडेच येणार होते. उद्या बोट कापायचंय. त्याआधी एकदा परत बघाल का?"

"मागच्या आठवड्यात बघितलं की. रिपोर्ट दिलाय."

"दिलात ना. पण आमच्यात एक रीत आहे. काज कापायच्या आधी दोनदा खूण करायची. शिवण चुकली तर उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं. माझ्या सासूबाई तर पहिली खूण पुसून टाकायच्या आणि मग दुसरी करायच्या, म्हणजे पहिलीवर भिस्त राहत नाही."

"बाई, ते कापड आहे. हे विज्ञान आहे."

"कापडाला दुसरी संधी मिळते, तर माझ्या बोटाला का नको?"

हात माझ्या बटणाकडे गेला. एक तर भूक लागलेली, त्यात माझ्या सहीवर शंका. चार शब्द सुनवावेत म्हणून तोंड उघडलं आणि माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. उन्हात बसल्यामुळे त्यांनी हातमोजे काढून ठेवले होते. बोटं गुलाबी होती. खपलीचं बोटसुद्धा खपलीच्या काठापर्यंत चांगलं गुलाबी होतं.

मला आठवत होती ती बोटं खडूसारखी पांढरी होती.

"चला," मी म्हणालो. डबा तिथेच बाकावर राहिला.

खोलीत गेल्यावर मी काहीच केलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं, हात उशीवर ठेवायला सांगितलं आणि नुसता बघत बसलो. एसी घुमत होता. पाच मिनिटं झाली नसतील, आधी करंगळी पांढरी पडली, मग तिच्या शेजारचं, मग एकेक करून सगळी. कुणी तोटी बंद केल्यासारखं रक्त मागे सरलं. गारठ्यात ह्या आजाराची बोटं आखडतात हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते पुस्तकात होतं आणि रिमोट खिशात होता, दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

मी रिमोट काढला आणि एसी बंद केला.

सिस्टर कोपऱ्यात फाइली लावत होती, तिच्या हातातून एक खाली पडली. "सर, बिघडला का?"

"नाही. बंद केला. गरम पाणी आणा, जेलची बाटली त्यात बुडवून ठेवा. आणि बाहेरच्यांना सांगा, वेळ लागणार आहे."

"किती वेळ?"

"खोली माणसात येईपर्यंत."

सिस्टरनं बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर स्वेटर काढला. अर्ध्या तासात बोटांवर रंग आला. ह्या अर्ध्या तासात नणंदेनं मला त्यांच्या दुकानाचा सगळा इतिहास सांगितला, तो मी ऐकला नाही. मी आपल्याशीच जमाखर्च मांडत होतो की आता रक्त दिसलं तर मी चुकलो होतो, आणि नाही दिसलं तर बाईंचं बोट गेलं. माझ्यासारख्या माणसाला चुकणं फार जड जातं, तरी सांगतो, मी मनापासून चुकण्याच्या बाजूनं होतो.

फिल्म लावली, कोमट जेल टाकली, प्रोब टेकवला. रक्ताचं बटण दाबलं. एक ठिपका चमकला आणि विझला. परत एक, तोही गेला. मी नीट दिसावं म्हणून प्रोब रोवला, तर तेवढंही दिसेना.

"हा प्रोबच कुचकामी आहे," मी पुटपुटलो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

बाई आतापर्यंत पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"डॉक्टर, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"मलमल शिवताना वन्संना मशीनवर कापड दाबून धरणारा पाय असतो ना, त्याचा स्क्रू सैल करावा लागतो. कोटाचं जाड कापड असलं की घट्ट. त्याच दाबावर मलमल घातली तर ती पुढे सरकतच नाही, चुरगळून बसते. तुमचा हात कोटाच्या कापडाचा आहे. माझं बोट मलमल आहे."

नणंद म्हणाली, "वहिनी, डॉक्टरांना काय शिकवताय?"

"शिकवू द्या," मी म्हणालो.

कारण मला कळलं होतं. बोटाच्या टोकाच्या रक्तवाहिन्या त्या केवढ्या, आणि त्यांच्यावर बावीस वर्षं पोटं दाबलेला माझा हात. बागेच्या नळीवर पाय देऊन उभं राहायचं आणि पाणी का येत नाही म्हणून ओरडायचं, हा प्रकार मी त्या बोटावर केला होता. मी प्रोब उचलला. जेलचा चांगला जाड थर दिला, मनगट उशीवर टेकवलं, आणि प्रोब बोटाला न टेकवता त्या जेलवर नुसता तरंगत ठेवला. दाबून धरणं सोपं असतं, न दाबता धरणं भलतंच अवघड.

आणि पडदा पेटला. खपलीच्या खाली लाल ठिपका आला, विझला, नाडीबरोबर परत आला. त्याच्या शेजारी निळा. मग काठाकाठानं आणखी पाच-सहा. जखम खोल होती, पण तिच्या तळापासून हाडापर्यंत दीड मिलिमीटर धडधाकट जागा होती आणि त्या जागेत रक्त ये-जा करत होतं. मी उगाच तपासणी लांबवत बसलो. पोटातलं यकृत बावीस वर्षं बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"हे लुकलुकतंय ते काय?" बाईंनी विचारलं.

"तुमचं रक्त. बोटाच्या पार टोकापर्यंत जातंय."

बाईंचा डावा हात नणंदेच्या हातात गेला.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. 'आता सुधारणा दिसते' एवढं लिहिलं की कुणाला कळणार होतं. पण बाईंनी विश्वासानं बोट पुढे केलं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"बाई, हे मागच्या आठवड्यातही असंच असणार," मी म्हणालो. "मला दिसलं नाही, कारण मी तुम्हाला गारठवलं आणि वरून दाबून धरलं. रक्त थांबलं नव्हतं, मी थांबवलं होतं. माझी चूक आहे."

पहिली बोलली ती अर्थातच नणंद.

"म्हणजे आमच्या वहिनींचं बोट तुमच्या ह्या एसीपायी जाणार होतं?"

"हो."

"आणि वर तुम्ही आम्हाला विज्ञान सांगत होतात?"

"हो."

ती आणखी बरंच बोलणार होती आणि मी ते मुकाट्यानं ऐकून घेणार होतो. पण बाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "वन्सं, स्वतःची शिवण जो दुसऱ्यासमोर उसवून दाखवतो, त्याला बोलू नये. पुढच्या वेळी तो नीट शिवतो."

मला तेव्हा लाज वाटली, अगदी कानापर्यंत. आणि त्या लाजेत एक हलकेपणाही होता, तो कुठून आला कोण जाणे.

मी तिथूनच सर्जनला फोन लावला.

"उद्याचं ते बोट कापू नकोस. रक्त आहे. हाडही शाबूत आहे."

"अरे, नाही असा रिपोर्ट होता. तुझाच."

"माझाच. चुकीचा होता."

"तू चुकलास, असं तू म्हणतोयस? थांब, मी बसून घेतो." मग तो गंभीर झाला. "नक्की ना? मला काही कापायची हौस नाही, पण सडलेलं ठेवूनही चालत नाही."

"येऊन बघ. आणि येताना हात खिशात घालून ये, इथे काही दाबायचं नाहीये."

तो आला. संधिवाताच्या मॅडमही आल्या. माझ्या खोलीत एसी बंद आहे हे बघायला आणखी तिघं-चौघं काहीतरी निमित्त काढून डोकावून गेले. मॅडमनी पडदा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विहिरीत पाणी निघालं तर."

शुक्रवारची तारीख रद्द झाली. मॅडमनी बाईंना पाच दिवस ठेवून घेतलं, रक्तवाहिन्या सैलावणारं औषध सलाइनमधून दिलं, मग गोळ्या, पट्ट्या, आणि गार पाण्यात हात घालायचा नाही ही सक्त ताकीद. ती पाळली जाते की नाही यावर नणंदेचा पहारा होता, म्हणजे प्रश्नच मिटला. दर महिन्याला बाई माझ्याकडे यायच्या. मी आधी अर्धा तास एसी बंद ठेवायचो, बाटली गरम पाण्यात, मनगट उशीवर. जखमेचा तळ दर खेपेला थोडा वर आलेला असायचा. मधे एकाच खेपेला तो जागचा हललाच नव्हता, तेव्हा मी घरी इतका चिडचिड करत होतो की बायको म्हणाली, "हे कुणाचं बोट आहे, एवढा जीव टांगलाय तो?"

चौथ्या महिन्यात खपली आपोआप सुटली. खाली नवी कातडी होती, चकचकीत आणि जरा आत दबलेली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. तारीख नव्हती. नणंदेच्या हातात माझा डबा होता, व्हरांड्यात राहिलेला तो. "इतके महिने आमच्याकडेच होता. दर वेळी विसरायचे," ती म्हणाली. "घासून ठेवलाय. आत काय होतं ते विचारू नका."

बाई म्हणाल्या, "कोट काढा, डॉक्टर."

"आता?"

"ते भोक बघून चार महिने माझा जीव जातोय."

मी कोट काढून दिला. त्यांनी फाटलेलं काज आतून तुकडा लावून बुजवलं, एवढं बेमालूम की मलाच जागा सापडेना. मग पिशवीतून खडू काढला, बटण लावून माप घेतलं, बारीक खूण केली. आणि ती अंगठ्यानं पुसून टाकली.

"दुसरी तुम्ही करा," म्हणून खडू माझ्यापुढे धरला.

मी खूण करायला गेलो आणि खडूचं टोक मोडलं. सिस्टर फाइलीमागे तोंड लपवून हसली. तिच्या अंगावर स्वेटर नव्हता.

"मलमल," बाई म्हणाल्या.

मी मनगट टेबलावर टेकवलं आणि खडू नुसता कापडावर तरंगत नेला. रेघ उमटली. बाईंनी ती डोळे बारीक करून पाहिली, मान हलवली. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पितळी अंगुस्तान चढवलं, ते नीट बसलंय ना हे अंगठ्यानं दाबून पाहिलं. ते पुरतं, टोकापर्यंत बसलं होतं. मग त्यांनी कात्री उचलली आणि माझ्या कोटाला कचकन भोक पाडलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.